पोस्टरनं हात धुतले जात नाहीत!

२०१४-१५च्या सुमारास आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या सायखेडा गावच्या एका बाईनं घरी शौचालय बांधायला चक्क मंगळसूत्र विकलं. पेपरात कौतुक झालं, मंत्र्यांनी सत्कार केला. व्हायलाच पाहिजे. पण मला प्रश्न पडला, स्वच्छतेचं महत्त्व तिला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. अडलं होतं ते पैशावर. तिथं आणखी दहा भाषणं दिली असती तरी संडास उभा राहिला नसता.

आपण मात्र प्रत्येक वाईट सवयीवर एकच औषध देतो, पोस्टर! गाडगेबाबा दिवसा स्वतः खराट्यानं गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. आधी कृती, मग उपदेश. माणूस नेमका कुठं अडतो? माहितीवर, पैशावर, सोयीवर की लाजेवर? फॉल्ट शोधल्याशिवाय आपण सर्किट दुरुस्त करतो का?

आता आपली मेसच घ्या. भिंतीवर ‘हात धुवा’ लिहिलंय अन् बेसिनवर साबणच नाही! वॉर्डन सर, पुढचं पोस्टर छापू नका, त्या पैशात साबण ठेवा. आणि सिनियर दोस्तांनो, ताट घेण्याआधी तुम्ही हात धुवा. ज्युनियर बघतच असतात. बघा, पटतंय का!