चकाकी विकू नका, ग्रेड विका!



तुळिंजमध्ये छोटा गाळा घेऊन नट-बोल्टचा धंदा सुरू करायचा विचार करताय? विचार चांगला आहे. वालीव, सातिवलीचे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत आणि माल आणायला मुंबईची नागदेवी स्ट्रीट आहे. पण तोच माल विकणारे आधीच बरेच जण बसलेत. नुसत्या भावावर त्यांच्याशी भांडलात, तर भांडवल संपेल.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. एक कोपरा पकडा: समुद्रावर चालणाऱ्या सामानाचे स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट. अलिबागपासून मालवण-तारकर्लीपर्यंत कयाक, स्पीडबोटी, जेट स्कीच्या ट्रॉल्या, तरंगत्या जेट्टी आहेत. या सगळ्यांना बोल्ट लागतात, आणि खारं पाणी कुणालाच सोडत नाही.

आता खरी गोम ऐका. २०२, ३०४ आणि ३१६ हे तिन्ही ग्रेड काउंटरवर सारखेच चमकतात. फरक आत आहे. क्रोमियममुळे स्टीलवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं आणि बारीक खड्डे पडतात. २०२ मध्ये निकेल कमी असतं, त्यामुळे ते लवकर डागाळतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, तरी खाऱ्या पाण्यात ते कमी पडतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतं, म्हणून ते जास्त टिकतं. आणि गंज धरतो कुठे? डोक्याखाली, आट्यांमध्ये, जिथे पाणी अडकून राहतं. म्हणजे वरून चकचकीत, आतून खाल्लेला!

गिऱ्हाइकाला हे डोळ्यांनी कळत नाही. मोह इथेच होतो. ३१६ महाग, मग ३०४ द्यायचा आणि ३१६ चे पैसे घ्यायचे. कोण बघतंय? मित्रांनो, तो बोल्ट बोट ओढायच्या हुकाला लागणार असतो. तो तुटला तर मागे दोरीला बांधलेलं कुणाचं तरी पोर असतं. हे विसरून केलेला नफा मला नको, तुम्हालाही नको.

स्वतःची फसगत कशी टाळायची?

चुंबकावर विसंबू नका. ३०४ लाही चुंबक फारसं चिकटत नाही, आणि थंड घडवलेला चांगला बोल्टही थोडा ओढला जाऊ शकतो. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का वाचा: ए२ म्हणजे ३०४ च्या घरातला, ए४ म्हणजे ३१६ च्या. पुढचा ७० किंवा ८० हा आकडा ताकदीचा. पण शिक्काही खोटा मारता येतो, म्हणून लॉटसोबत टेस्ट सर्टिफिकेट मागा. मोलिब्डेनम ओळखणारं टेस्टिंग लिक्विड मिळतं, ते दुकानात ठेवा. मोठ्या लॉटमधला एखादा नग लॅबमध्ये तपासून घ्या. आणि तुमच्या बिलावर ग्रेड लिहा. लिहायला हात कचरत असेल, तर तो माल विकू नका.

उलटंही तितकंच खरं. गोड्या पाण्याच्या तलावावर कयाक चालवणाऱ्याला बहुतेक ठिकाणी ३०४ पुरतो. त्याच्या गळ्यात ३१६ मारू नका. खरं सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं.

मालाबरोबर चार गोष्टी फुकट सांगा. ॲल्युमिनियमच्या भागावर नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर ॲल्युमिनियम झिजतं. आट्यांना अँटी-सीझ लावून पाना हळू फिरवा, कारण स्टेनलेसचे आटे जाम होतात. लोखंडी ब्रशने घासू नका. दिवस संपला की गोड्या पाण्याने धुवा. ३१६ सुद्धा अमर नाही!

शेवटची गोष्ट वेळेची. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्ती निघते. तुमचा सीझन तोच. मे महिन्याच्या आत दोन-तीन चालणारे साइझ भरा, सॅम्पलची पिशवी घ्या आणि किनाऱ्यावर जाऊन मेकॅनिकला भेटा. आधी विचारा, कुठला बोल्ट सारखा बदलावा लागतो? तुमची पहिली ऑर्डर त्याच उत्तरात आहे.

चला, कामाला लागा!