प्रसिद्धीचा बाजार

आमच्या अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एकाच्या नावाला बाजार जोडलेला आहे, दुसऱ्याच्या नावाला रेल्वे. आम्ही रेल्वेच्या चांदूरचे. परंतु आता एक बाजार आमच्याही घरात शिरला आहे. तेथे कापूस विकला जात नाही, तूर विकली जात नाही. तेथे प्रसिद्धी विकली जाते, आणि गिऱ्हाईक म्हणून बसलेली असतात आमचीच मुले.

“अमक्याचे पाच लाख फॉलोअर्स आहेत, तो खोटे कशाला सांगेल?” असे ती आम्हास विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मुंबईत मिळाले आहे. आपल्या नावाचे खोटे खाते कोणीतरी उघडल्याची तक्रार गायिका भूमी त्रिवेदी यांनी केली. तिचा माग काढताना जुलै २०२० मध्ये मुंबई पोलिसांच्या हाती फॉलोअर्स आणि लाइक विकण्याचा धंदाच लागला. पूर्वी पुढाऱ्यांच्या सभांना ट्रक भरून माणसे आणीत. त्यांना निदान देह होता, भूक होती. येथील भाडोत्री गर्दीला तेही नाही. खोटी गर्दी पाहून खरी गर्दी जमते, आणि गर्दी मोजून जाहिरातदार पैसे देतो. धंद्याचे वर्म एवढेच.

खरी गर्दी तरी कितपत आपली असते? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मुंबईच्या वर्सोवा मतदारसंघात अभिनेते एजाज खान उभे राहिले. इन्स्टाग्रामवर त्यांचे ५६ लाख फॉलोअर्स. मते पडली १५५. ते फॉलोअर्स विकतचे होते, असे आम्ही म्हणत नाही. पाहणारा म्हणजे पाठीशी उभा राहणारा नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

कोणी म्हणेल, याच मोबाइलमुळे खेड्यातल्या गुणी पोरांना व्यासपीठ मिळाले, वऱ्हाडी बोली दूरवर गेली. हे आम्हास मान्य आहे. गुणाला आमचा विरोध नाही. आकड्यालाच गुण समजण्याला आहे. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करावी, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. परंतु कायदा विकणाऱ्यावर नजर ठेवील, पाहणाऱ्याचे काय?

येथे दोष आमच्याकडे येतो. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी चित्रण नीट यावे म्हणून लेकराला चर्चच्या पायऱ्या तीनदा चढायला लावणारे आम्हीच. संध्याकाळी “किती लाइक आले?” असे विचारणारेही आम्हीच. त्या लेकराने त्या दिवशी काय शिकावे?

याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात येत, ते आधी खराटा घेऊन गाव झाडीत. रात्री कीर्तनाला माणूस मावत नसे. लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पाया पडू पाहणाऱ्यांना मात्र ते चुकवीत. आधी काम, मागाहून नाव, असा तो क्रम होता. आज नाव आधी विकत मिळते आणि कामाची आठवण कोणालाच राहत नाही.

पालकहो, मोबाइल फोडून टाका, असे आम्ही सांगणार नाही. रात्री जेवताना मुलांना एवढेच विचारा: आज ज्याला पाहिलेस, त्याने कोणाचे काय भले केले? आणि त्याआधी हाच प्रश्न आपण स्वतःला विचारू या.