मंदिरातच हरवलेले पुस्तक



३१ ऑक्टोबर जवळ आला की धर्मसुधारणेचा रविवार पाळला जातो. १५१७ साली विटेनबर्गमध्ये ल्यूथरने काय केले ते पाळकसाहेब सांगतात, गीत होते, आशीर्वाद होतो, आपण घरी जातो. जणू सुधारणा जर्मनीत सुरू झाली आणि तिथेच आटोपली. आपली सुधारणा होऊन चुकली असे ज्या मंडळीला वाटते, ती शास्त्रापासून दूर गेली आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

२ राजे, अध्याय २२ काढा. योशीया राजाच्या कारकिर्दीचे अठरावे वर्ष. मंदिराची डागडुजी चालली होती; सुतार-गवंड्यांना, लाकूड आणि घडीव चिऱ्यांसाठी पैसा दिला जात होता. अशात मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. कुठे? मंदिरातच! देवाच्या घरात देवाचे वचन हरवले होते आणि कुणाला त्याची चुटपुट नव्हती. ते पुस्तक वाचलेले ऐकून राजाने अंगावरची वस्त्रे फाडली. पुढचा भाग मात्र आपल्याकडे क्वचितच वाचला जातो. योशीया गेला, मुलगा गादीवर आला आणि अवघ्या तीन महिन्यांच्या राज्यात त्याने पुन्हा वाईट तेच केले. बापाची सुधारणा मुलाला पुरली नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनात १९०५ साली संजीवन झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई त्या आठवणींवर विसंबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, अडाणी बाईलाही कळेल अशा मराठीत त्यांनी सबंध पवित्र शास्त्र उतरवले. मिशनातल्या बायका-मुलींनीच ते तिथल्या छापखान्यात छापले. १९२२ साली प्रभूच्या घरी जाईपर्यंत बाईंना या कामाचाच ध्यास होता.

आणि आपण? सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा देऊ नका, असे याकोब बजावतो. नाताळच्या उपासनेत आपल्या पहिल्या बाकावर कोण बसते? ख्रिस्ती घरांत सोयरीक जुळवताना आजही मूळची जात विचारली जाते. याची लाज वाटायला हवी. पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीला पॅनेल उभी राहतात, मिळकतींचे दावे वर्षानुवर्षे कोर्टात चालतात आणि बुधवारच्या शास्त्राभ्यासाला पाळक आणि चार म्हाताऱ्या बायका! खरे सांगायचे तर त्या बायकांनीच मंडळी धरून ठेवली आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे: पास्टरेट कमिटीच्या प्रत्येक सभेत हिशेबाआधी शास्त्रभाग वाचला जावा आणि ठराव त्याच्याशी ताडून पाहिला जावा. वर्षाचा जमाखर्च चर्चच्या दाराशी लागावा. जातीवरून सोयरीक मोडणे हे पाप आहे, असे उपदेशपीठावरून नाव घेऊन सांगितले जावे. बिरुयाच्या लोकांनी पौलाचेही बोलणे दररोज शास्त्राशी ताडून पाहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११). मग पाळक, वडील आणि बिशप यांना वेगळा न्याय कशासाठी?

येत्या रविवारी आशीर्वादानंतर लगेच निघू नका. थांबा, कमिटीकडे जमाखर्च मागा. आणि बुधवारी शास्त्राभ्यासाला या, मुलांनाही आणा.