कागद उघडा आहे, शोधायचा कसा? शासन निर्णयांच्या संग्रहात आपल्या हक्काचा माग

मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात आमच्या हिंगणा तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच बातमी फिरत होती. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये दिले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, त्यामुळे बातमीला धार आली. ग्रुपवर संताप होता, तो रास्तच होता. पण वानाडोंगरीच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला, "मूळ शासन निर्णय कोणी वाचला?" तीसेक तरुण बसले होते, त्यात एम.ए., एम.एस.डब्ल्यू., इंजिनिअरिंग झालेले होते. एकही हात वर आला नाही. विचारणाऱ्या आम्हीही तोवर तो वाचला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

तिथेच मोबाईल काढले. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ असा भाग आहे. तिथे सगळ्या विभागांचे निर्णय पीडीएफ स्वरूपात ठेवलेले असतात. लॉगिन नाही, फी नाही, कोणाची शिफारस लागत नाही. एकाने शोधपट्टीत टाकलं ‘निधी वळवला’. काही आलं नाही. दुसऱ्याने ‘दलितांचा निधी’ टाकून पाहिलं, तरी काही नाही. "काढून टाकला असेल ना सर," असं एक जण लगेच म्हणाला. इथेच आपली चळवळ अडखळते असं आम्हाला वाटतं. कागद मिळाला नाही की तो लपवला असं आपण धरून चालतो. कधी लपवलेला असतोही. पण बहुतेक वेळा तो समोरच पडलेला असतो आणि आपण त्याला भलत्याच नावाने हाक मारत असतो.

शासन स्वतःच्या कागदात ‘वळवला’ असं लिहीत नाही. मंत्रालयातल्या टिपणीची भाषा ‘निधी वितरीत करण्याबाबत’ अशी असते. ‘पुनर्विनियोजन’, ‘पुनर्वाटप’, ‘उपलब्ध करून देणेबाबत’ असे शब्द येतात. शिवाय या संकेतस्थळावरचा शोध मुख्यतः शीर्षकावर चालतो, पीडीएफच्या आतल्या मजकुरात तो शिरत नाही. म्हणून पैशासंबंधीचा ताजा निर्णय शोधायचा असेल तर शब्दांच्या मागे न लागता विभाग निवडा, ‘दिनांक पासून’ आणि ‘दिनांक पर्यंत’ या दोन चौकटीत आठ-दहा दिवसांचा काळ भरा आणि आलेली यादी वरपासून खालपर्यंत वाचा. यादी फार लांब नसते. त्या दिवशी आम्ही असंच केलं, आणि बातमीत एका ओळीत संपलेली गोष्ट कागदावर नेमकी कशी मांडली जाते ते पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

शब्दांचा प्रश्न आपल्या समाजापुरता अधिक टोचणारा आहे. आपण स्वतःला बौद्ध म्हणवतो. 14 ऑक्टोबर 1956 ला याच नागपुरात दीक्षा घेतली, आता चौथी पिढी चालू आहे. तरीही शासनाच्या शीर्षकात आपण अजून ‘नवबौद्ध’च आहोत. हा शब्द आम्हाला पटत नाही, अनेकांना पटत नाही. पण शोधताना तोच टाकावा लागतो. आपण ज्याला ‘दलित वस्ती सुधार’ म्हणतो, त्या योजनेचं कागदावरचं नाव ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे’ असं आहे. गावातली मंडळी ‘दलित वस्ती’ शोधत बसतात आणि गेल्या काही वर्षांतले महत्त्वाचे बदल त्यांच्या हाती लागत नाहीत. त्यात डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय झाला. तो निर्णय चांगलाच झाला. मात्र ज्या वस्तीचं आता समतानगर किंवा भीमनगर झालं, तिच्या जुन्या मंजुऱ्या, मोजण्या आणि ठराव जुन्याच नावाने पडून आहेत. ते नाव उच्चारायला जीभ रेटत नाही, तरी ग्रामपंचायतीकडे जुनं रेकॉर्ड मागताना अर्जात दोन्ही नावं लिहा.

शुद्धलेखनाची गंमत वेगळीच. एकच विभाग कधी ‘अनुसूचित’ लिहितो, कधी ‘अनुसुचित’. ‘वितरित’ आणि ‘वितरीत’, ‘वसतिगृह’ आणि ‘वसतीगृह’ ही दोन्ही रूपं सापडतात. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. यावर सोपा उपाय असा की पूर्ण वाक्य टाकायचं नाही. चुकण्याची शक्यता नसलेला छोटा तुकडा टाकायचा, जसं नुसतं ‘गृह’ किंवा नुसतं ‘सूचित’, आणि मग ‘सुचित’ टाकून पुन्हा एकदा पाहायचं.

आता ज्या प्रकरणामुळे आम्ही हे शिकलो ते सांगतो. हिंगणा रोडवर महाविद्यालयांची रांग आहे. वानाडोंगरी, डिगडोह, नीलडोह, इसासनी भागात गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याहून आलेली आपली मुलं-मुली खोल्या करून राहतात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना हाच आधार असतो. 6 जानेवारी 2017 च्या शासन निर्णयाने ती सुरू झाली. नागपूरसाठी भोजनाचे 32 हजार, निवासाचे 20 हजार आणि निर्वाहाचे 8 हजार असे वर्षाला 60 हजार रुपये त्यात धरले होते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आमच्याकडे आली. एका कार्यालयात तिला सांगण्यात आलं होतं की 60 टक्के गुण नाहीत, अर्ज करून उपयोग नाही. तिला 56 टक्के होते. तिने स्वतः शोधून निर्णयाची प्रतही आणली होती, आणि त्यात खरोखर 60 टक्क्यांची अट होती. आम्हीही मान हलवली आणि तिला दुसरी कुठली शिष्यवृत्ती मिळते का ते पाहू म्हणालो.

चूक अशी की तिच्या हातात 2017 चा मूळ निर्णय होता. त्यानंतर सुधारणा होऊन ही अट 50 टक्क्यांवर आली होती. एका सहकाऱ्याने आठवडाभराने सहज पुढचे निर्णय चाळले तेव्हा हे कळलं. सुदैवाने अर्जाची मुदत दोन दिवस बाकी होती, अर्ज गेला. मुदत संपली असती तर त्या मुलीचं वर्ष आमच्या अर्धवट वाचनाने बुडालं असतं. कार्यालयातल्या माणसाला आम्ही नावं ठेवायला मोकळे होतो, पण त्याने वाचला तोच कागद आम्हीही वाचला होता.

तेव्हापासून आम्ही शासन निर्णय वरच्या ‘वाचा’ या शब्दापासून वाचतो. प्रत्येक निर्णयात शीर्षकाखाली ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक दिलेले असतात. बहुतेक जण तो भाग सोडून थेट खाली जातात, पण खरा माग तिथेच असतो. एक निर्णय सापडला की ‘वाचा’मधून मागचा, त्यातून त्याच्या मागचा, असं मुळापर्यंत जाता येतं. अडचण एवढीच की ही साखळी फक्त मागे जाते. 2017 च्या कागदाला 2018 मध्ये काय होणार हे ठाऊक नसतं. म्हणून सुरुवात नेहमी सगळ्यात ताज्या कागदापासून करा. हातात जुनाच असेल तर त्याच विभागात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आजपर्यंतची तारीख टाकून योजनेच्या नावातला एकच शब्द शोधा. आणि ताजा निर्णय मिळाला की दोन शब्द नीट बघा. मागचा निर्णय ‘अधिक्रमित’ केला असेल तर तो संपला. नुसती ‘सुधारणा’ असेल तर बदललेला मुद्दा सोडून बाकी जुना निर्णय जिवंत असतो, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवूनच बोलावं लागतं. ‘शुद्धिपत्रक’ या नावाने आलेला अर्ध्या पानाचा कागदही सोडू नका, कधी कधी पात्रतेचा सगळा फरक त्यात असतो.

‘स्वाधार’ शोधताना विभाग निवडायला विसरू नका, कारण महिला व बालविकास विभागाकडेही याच नावाशी मिळतीजुळती निवारागृहांची योजना होती. आदिवासी विद्यार्थ्यांची स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांची सावित्रीबाई फुले आधार योजना यांच्या अटीही मुलं एकमेकांत मिसळतात. विभाग फुटतात हेही ध्यानात ठेवा. इतर मागास बहुजन कल्याणचा कारभार 2017 नंतर स्वतंत्र झाला, दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर 2022 मध्ये वेगळा झाला. त्याआधीचे त्यांचे निर्णय सामाजिक न्याय विभागाखालीच शोधावे लागतात.

खोट्या निर्णयांचंही पीक आहे. कोणत्याही शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात, शेवटचे दोन विभाग. सामाजिक न्याय विभागाचे 22 असतात. ग्रुपवर आलेल्या पीडीएफवर हा अंक नसेल, किंवा तो टाकून संकेतस्थळावर काहीच येत नसेल, तर पुढे पाठवायची घाई करू नये.

कागदावर एवढा भर कशाला, रस्त्यावर उतरा, असं काही ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला म्हणतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, महाडचा लढा कागदासहच रस्त्यावर उतरला होता. ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव संमत केला. महाड नगरपालिकेने तो 1924 मध्ये स्वीकारला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले तेव्हा हा ठराव त्यांच्या पाठीशी होता. पुढे दावा झाला, दहा वर्षं चालला, आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला, कारण वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे विरोधकांना शाबीत करता आलं नाही. सत्याग्रह नसता तर बोले ठराव दप्तरात पडून राहिला असता, हेही तितकंच खरं.

आता पुन्हा त्या 410 कोटींकडे येऊ. शासन निर्णय एवढंच सांगतो की अमुक रक्कम अमुक कामाला दिली. ती कोणत्या पैशातून गेली हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत पाहावं लागतं. तिथे शब्द शोधण्यापेक्षा अंक शोधा. देशभरातल्या अर्थसंकल्पांत अनुसूचित जाती घटकासाठीच्या तरतुदीचं गौणशीर्ष 789 आहे, आदिवासी घटकाचं 796. कुठल्याही विभागाच्या मागणीत 789 दिसलं की ते पैसे अनुसूचित जातींच्या नावाने ठेवलेले आहेत असं समजा, मग तो विभाग रस्त्यांचा असो की शेतीचा. खर्चाचे आकडे राज्याच्या ‘बीम्स’ प्रणालीवर पाहता येतात. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या 11.8 टक्के आहे. तेवढ्या प्रमाणात तरतूद व्हावी हे धोरण आहे, पण हा निधी दुसरीकडे जाऊ नये यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा नाही. कर्नाटकाने 2013 मध्ये, तेलंगणाने 2017 मध्ये असा कायदा केला. कायदा असूनही कर्नाटकात हमी योजनांसाठी हा निधी वापरल्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा कायदा आला म्हणजे सगळं मिटलं असं आम्ही म्हणणार नाही. पण कायद्याची मागणी घेऊन जायचं असेल तर घोषणेच्या आधी 789 खालची दहा वर्षांची तरतूद आणि खर्च आपल्या वहीत असायला हवा. आजघडीला आमच्या तालुक्यातल्या एकाही संघटनेकडे तो नाही, आमच्याकडेही नाही.

संकेतस्थळावर सगळं मिळतं असंही नाही. फार जुने निर्णय तिथे चढलेले नाहीत, काही स्कॅन वाचवत नाहीत, अधूनमधून संकेतस्थळच बंद असतं. म्हणून सापडलेला कागद लगेच उतरवून घ्या आणि फाइलला तारीख व विषयाचं नाव द्या. आणि सापडला नाही तर माहिती अधिकार आहेच. 2005 च्या कायद्याचं कलम 4 म्हणतं की अशी माहिती कार्यालयाने मागण्याआधीच जाहीर करायची असते. अर्जात हे कलम लिहायला विसरू नका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत हवा, फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक देऊन ‘या निर्णयानुसार हिंगणा तालुक्यात कोणत्या कामांना किती रक्कम मिळाली’ असं विचारा. क्रमांक दिसला की समोरच्याला ‘माहिती सुस्पष्ट नाही’ म्हणून अर्ज परत करणं जड जातं.

सध्या आम्ही रविवारी वंदनेनंतर तासभर विहारातच दोन लॅपटॉप घेऊन बसतो. वस्ती विकास योजनेचे मूळ निर्णयापासून आजवरचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून झाले आहेत. गेल्या पाच वर्षांत तालुक्यात कोणत्या वस्तीत कोणती कामं मंजूर झाली, यासाठीचा अर्ज दोन आठवड्यांपूर्वी गेला आहे. उत्तर आलं की यादी घेऊन आम्ही वस्त्यांमध्ये फिरणार आहोत. कागदावरची नाली आणि सिमेंट रस्ता जागेवर आहे का, ते मोजायला टेप लागेल आणि सोबत माणसं लागतील. ज्यांना यायचं त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावं. जय भीम.