पावसात विजेची स्कूटर घेताना

पावसात विजेच्या स्कूटरवर बसलं तर शॉक बसतो का हो बाई? जून उजाडला की हा प्रश्न वर्गात हमखास येतो. सध्या कितीतरी घरांत आई-बाबा कामावर जायला अशी गाडी घ्यायचं म्हणताहेत, त्यामुळे काळजी खरीच आहे.

चांगल्या गाडीची बॅटरी आणि मोटर पाणी शिरू नये अशी पक्की बंद केलेली असते. माहितीपत्रकात ‘आयपी 67’ असं लिहिलंय का ते बघा. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जात नाही. 7 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी पाणी आत जात नाही. पण गंमत अशी, की जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते! तेव्हा अशी गाडी पंपाच्या फवाऱ्याने धुवायची नाही. आणि हा आकडा नुसत्या बॅटरीचा की मोटरचाही, हेही दुकानदारकाकांना विचारायचं.

आता खरा घोटाळा. दुकानात सांगतात, “ही घ्या, नंबर नको, लायसन्स नको, पोरगंसुद्धा चालवेल.” अशी सूट आहे, पण ती मोटर 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच. गणित करून बघू. गाडी आणि दोन माणसं मिळून 160 किलो धरा. 250 वॉट म्हणजे सेकंदाला 250 ज्यूल. 250 ला 160 गुणिले 9.8 ने भागलं की 0.16 येतात, म्हणजे सेकंदाला 16 सेंटिमीटर उंची. दहा मीटरला एक मीटर चढ असेल, तर वेग होतो सेकंदाला 1.6 मीटर, ताशी सहा किलोमीटरसुद्धा नाही! तेही घर्षण सोडून. भर पावसात अकोल्याच्या डोंगरी भागातला चढ असा चढायचा? नगर शहरात पाऊस बेताचा आणि रस्ता सपाट, तिथे ही गाडी चालून जाईल. घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, तिथलं काम तिचं नव्हे.

मग काही जण वेग वाढवून देतात. नंबर नसलेली गाडी चाळीसने धावू लागली की ती सूट संपली. अपघात झाला तर विमा नाही. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्सही मिळत नाही. रोजच्या कामाला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर असलेली, नोंदणीचीच गाडी बरी, असं माझं स्पष्ट मत.

चाकंही बघा हं. पुष्कळ स्कूटरची चाकं 10 किंवा 12 इंची असतात. पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात लहान चाक पटकन अडकतं. आपल्या नगरशी नातं असलेली लूना आठवते का? तुमच्या आजोबांना विचारा! ती 1972 सालची. तिचं विजेवरचं रूप फेब्रुवारी 2024 मध्ये आलं, त्याला 16 इंची चाकं आहेत. (ही जाहिरात नव्हे, चाकाचं उदाहरण!) टायरच्या नक्षीत बोट फिरवून बघा. खाचा झिजल्या असतील तर पाणी बाजूला जात नाही आणि गाडी घसरते. ओल्या रस्त्यावर ब्रेक हळूहळू आणि दोन्ही मिळून दाबायचे.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर ‘आयपी 67’ असो की काही असो, बाबांना थांबवा. ओढा गाडी वाहून नेतो, आकडे वाचत बसत नाही.

शेवटचं चार्जिंगचं. पागोळ्यांखाली नाही, पडवीत किंवा घराबाहेरच्या कोरड्या आडोशाला. तीन पिनांचं सॉकेट, अर्थिंग चालू आहे ना ते वायरमनकाकांकडून तपासून घ्या, आणि ओल्या हाताने प्लग लावू नका.