बोलवा लष्कराला!

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर खाली आला, चूरलमलाचा पूल वाहून गेला आणि पलीकडच्या मुंडक्कईची वाट तुटली. लष्कराच्या मद्रास सॅपर्सनी १ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत तिथे १९० फुटी बेली पूल उभा केला. या कामाचे नेतृत्व करणाऱ्या मेजर सीता शेळके पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या, हे कळल्यावर महाराष्ट्राची छाती फुगली आणि ती फुगावी असेच ते काम होते. पण लष्कराने बांधलेल्या आणखी एका पुलाचाही असाच गौरव झाला होता आणि तो मात्र आम्हाला तेव्हाही खटकला होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ प्रवासी गेले. महिन्याभराने मुख्यमंत्री, रेल्वेमंत्री आणि संरक्षणमंत्र्यांनी स्थानकाला भेट दिली आणि नवा पादचारी पूल लष्कर बांधणार असल्याचे जाहीर झाले. करी रोड आणि आंबिवलीचे पूलही त्याच झोळीत पडले. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर ते खुले झाले, टाळ्या पडल्या. वायनाडला पुलापलीकडे माणसे अडकली होती. एल्फिन्स्टनला अडकली होती ती निविदा.

पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी या निर्णयावर जाहीर आक्षेप घेतला होता. लष्कराचे काम युद्धाची तयारी करण्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे. ते स्वतः फौजेतून आलेले असल्याने त्यांना देशद्रोही ठरवणे कठीण होते. म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर आल्या असताना नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, तेव्हाही लष्करालाच पाचारण झाले होते. सत्ता कोणाचीही असो, ही सवय सर्वपक्षीय आहे.

मुलकी प्रशासनाच्या मदतीला लष्कराने यावे, ही तरतूद जुनीच आहे. बेकायदा जमाव पोलिसांना आवरेनासा झाला तर दंडाधिकारी लष्कराची मदत मागू शकतो, आणि ती देतानाही कमीत कमी बळ वापरायचे बंधन लष्करावर असते. म्हणजे कायद्यानेच हा उपाय शेवटचा मानला आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे पोलीसच बंड करून उठले तेव्हा रस्त्यावर लष्कर आणावे लागले. तिथे दुसरा इलाज नव्हता. शेवटचा उपाय पहिला होऊ लागला की नुकसान दोन्हीकडे होते. ज्याचे काम तो रेल्वे विभाग, ती महापालिका, ते बांधकाम खाते जबाबदारीतून मोकळे होते. दुसरीकडे नागरिकाला वाटू लागते की या देशात गणवेशाशिवाय काही होत नाही. शेजारच्या देशात या भावनेने काय घडवले ते निराळे सांगायला नको. आपले लष्कर राजकारणापासून दूर राहिले यात त्याच्या शिस्तीचा वाटा मोठा आहे, पण मुलकी यंत्रणेने त्याला फार वेळा घरात बोलावले नाही, हेही एक कारण आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेने सांगली-कोल्हापूर बुडवले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, भूदल, नौदल, तटरक्षक दल, सगळे आले. पण ते पोहोचेपर्यंत पाणी थांबत नसते. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावचीच बोट उलटली आणि बाहेर पडू पाहणारे गावकरी बुडाले. दोन वर्षांनी चिपळुणात तेच, मदत येईपर्यंत लोक छपरांवर. राज्याचे स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल आहे, पण त्याच्या तुकड्या उभारल्या त्या धुळ्याला आणि नागपूरला. तिथून शिरोळ किंवा चिपळूण किती लांब आहे हे मंत्रालयात कोणाला नकाशावर दाखवावे लागू नये. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावल्यावर ओडिशाने २००१ मध्ये स्वतःचे शीघ्र कृती दल उभे केले. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ धडकले, तेव्हा लाखो लोक आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. श्रेय एकट्या दलाचे नव्हे, निवाऱ्यांचे आणि इशाऱ्यांचेही आहे. तरी ओडिशाने एक गोष्ट ओळखली: दिल्लीहून विमान येईपर्यंतचे तास आपले आपणच काढायचे असतात.

हे सारे आत्ता लिहायचे कारण अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत घेतलेले जवान. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेतली पहिली तुकडी त्या वर्षाच्या शेवटी दाखल झाली. २०२६ सरता सरता आणि २०२७ उजाडता उजाडता तिची चार वर्षे भरतात. पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान पुढे कायम होतील. बाकीचे व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. त्यातला निम्मा भाग त्यांच्याच पगारातून कापलेला. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. निवृत्तिवेतनाचा खर्च आवरायला आणि फौज तरुण ठेवायला हे केले, असा युक्तिवाद आहे. खर्चाची चिंता खरी आहे. पण साताऱ्याच्या मिलिटरी अपशिंगेसारख्या गावाला, ज्याने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि नंतरही पिढ्यानपिढ्या पोरे पाठवली, फौज म्हणजे नुसती नोकरी कधीच नव्हती. किमान पंधरा वर्षे काढली की शिपायाला पेन्शन, गावात मान, पोराला भरतीच्या मैदानावर आधीच निम्मी वाट मोकळी. १७६८ ची जंगी पलटण असो की काळी पाचवी, मराठा लाइट इन्फंट्रीत जवान पलटणीचा होतो तो हवालदार-सुभेदारांच्या हाताखाली वर्षे घालवून. चार वर्षांत बंदूक चालवता येते, पलटण अंगात भिनायला वेळ लागतो. त्यातही पाठीवर सतत प्रश्न, चौघांतला तो एक मी असेन का? शेजारच्या बंकमधला जोडीदार मग स्पर्धक होतो, आणि फौजेला नेमके तेच परवडत नाही.

योजना रद्द होईल असे दिसत नाही. तेव्हा परत येणाऱ्या पोरांचे काय, एवढाच प्रश्न राज्याच्या हातात उरतो. केंद्रीय निमलष्करी दलांत दहा टक्के जागा राखण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली. राज्याच्या पोलीस भरतीत ही पोरे पुन्हा त्याच धावण्याच्या मैदानावर, त्याच अकादम्यांच्या फी भरून उभी राहणार. त्यांना मॉलच्या दारावरचा सुरक्षारक्षक करणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि म्हणूनच तो निवडला जाण्याची भीती आहे. पंचविशीच्या आतबाहेरचा, हुकूम पाळणारा, चार वर्षे वायरलेस, दोरखंड आणि प्रथमोपचार हाताळलेला माणूस पूरग्रस्त जिल्ह्यांना याहून वेगळ्या कामी हवा आहे. राज्याने आपत्ती दल कंपन्यांमध्ये न मोजता तालुक्यांमध्ये मोजावे. पलूस, शिरोळ, चिपळूण, महाड इथे कायम ठाणी, प्रत्येकी स्वतःच्या बोटी आणि पंप, आणि त्या ठाण्यांवर परतलेले अग्निवीर, कंत्राटी नव्हे तर वेतनश्रेणीवर. उन्हाळ्यात गावोगाव बोट चालवायचे आणि पोहून माणूस ओढून आणायचे शिक्षण त्यांनीच द्यावे; ब्रह्मनाळच्या बोटीत किती माणसे बसवायची हे सांगणारे त्या दिवशी कोणी नव्हते.

यासाठी गृह, मदत व पुनर्वसन आणि वित्त या तीन खात्यांच्या सचिवांना एका टेबलाभोवती बसावे लागेल. सेवा प्रवेश नियमांत दुरुस्ती, पदांना मंजुरी, बोटींची खरेदी, यातले एकही काम लष्कर करून देणार नाही. अर्थसंकल्पात त्याची तरतूद आली तरच पहिली तुकडी घरी पोहोचेपर्यंत जाहिरात निघू शकते.