बाईचे वजन

आपल्याकडे मुलीचे वजन हा साऱ्या गावाचा विषय असतो. मुलगी अंगाने जरा भरली की मावशी-आत्यांना तिच्या लग्नाची काळजी लागते. बाईने नाजूक असावे, हे आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते खरे का, असा प्रश्नही मनात येत नाही. दक्षिण कोरियाच्या जांग मी-रान हिची कारकीर्द वाचताना मला तो पडला.

वेटलिफ्टिंगमध्ये तिचा गट तेव्हा स्त्रियांचा सर्वांत जड, ७५ किलोंच्या वरचा होता. इतर गटांना वजनाची वरची मर्यादा होती, या गटाला नव्हती. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने एकूण ३०२.५ किलो उचलले. चीनच्या तांग गोंगहाँगने ३०५. अडीच किलोंनी सुवर्णपदक गेले. चार वर्षांनी बीजिंगमध्ये तिने स्नॅचमध्ये १४० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १८६, असे ३२६ किलो उचलून विश्वविक्रम केले. दुसरी आलेली खेळाडू तब्बल ४९ किलोंनी मागे होती.

कोणी म्हणेल, देहच एवढा मोठा, त्यात नवल ते काय? त्यांनी २०१० ची ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धा पाहावी. तेथे जांग आणि चीनची मेंग सुपिंग, दोघींनी सारखेच ३११ किलो उचलले. बरोबरी झाली की जिचे स्वतःचे वजन कमी ती विजयी, असा तेव्हा नियम होता. सुवर्णपदक जांगला मिळाले! म्हणजे सर्वांत जड गटातही नुसत्या जडपणाला किंमत नाही. किंमत आहे ती वर्षानुवर्षांच्या सरावाला. २०१२ साली लंडनला ती चौथी आली. तिसरी आलेली खेळाडू उत्तेजक द्रव्यामुळे २०१६ मध्ये बाद ठरली आणि ते कांस्यपदक जांगकडे आले.

आता आपल्याकडे पाहू. उसाच्या फडात बायका मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. माझी आईही पाण्याचे दोन हंडे एकावर एक घेऊन चढण चढत आली आहे. त्यांना कोणी बलवान म्हणत नाही. ओझे वाहताना बाईची ताकद चालते, पण तीच ताकद तिने अभिमानाने दाखवली की ती 'पुरुषी' ठरते. हा कुठला न्याय?

वेटलिफ्टिंगमध्ये बाईने किती उचलले ते किलोत लिहून ठेवतात, हे मला फार मोलाचे वाटते. स्त्रियांना हा खेळ ऑलिंपिकमध्ये मिळाला तो २०००मध्ये, सिडनीला. आणि त्याच वर्षी आपल्या कर्णम मल्लेश्वरीने २४० किलो उचलून कांस्यपदक आणले. तरीही कॉलेजच्या जिमखान्यात लोखंडी वजने मुलांच्या बाजूला आणि रिंग, दोरीच्या उड्या मुलींच्या बाजूला, असे का असावे?

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. म्हणून प्राध्यापकवर्गाला एकच विनंती करते. आठवड्यातून दोन दिवस तरी तो बार मुलींच्या हाती द्या. आमचे वजन किती, हे विचारणारे पुष्कळ आहेत. आम्ही किती उचलू शकतो, हे एकदा कोणीतरी विचारावे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला